वॉकिंग फूट लावून वळणदार क्विल्टिंग: घरच्या मशीनवर लाटा, पाकळ्या आणि चक्री

वळण आलं की हात आपोआप कापड ओढायला लागतात. सरळ रेषेत निवांत असलेले हात पहिली कमान दिसताच घाईला येतात, सुईच्या आधी पोचायला बघतात. मग चुण्या पडतात आणि खापर फुटतं वॉकिंग फूटवर, म्हणजे कापड वरूनही सरकवणाऱ्या, मशीनला लावायच्या जोडफूटवर: हा फूट सरळ शिवणीचा, वळणं याच्या आवाक्यातली नाहीत. मीही कितीतरी दिवस हेच मानत होते. एकदा मोठी चक्री शिवताना टेबलाखाली लोंबणारी अर्धी गोधडी कंटाळून वर उचलून ठेवली, आणि इतका वेळ अडखळणारं वळण अलगद गेलं. फूट तोच होता, टाका तोच, दोराही तोच.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे. वॉकिंग फूटला वळण येतं, त्याला पेलवत नाही ते लोंबणारं वजन. हे एकदा हाताला पटलं की लाटा, पाकळ्या, चक्री सगळं घरच्या साध्या मशीनवर जमतं. सरळ क्विल्टिंग, म्हणजे गोधडीचे थर सरळ ओळींत एकत्र शिवणं, येतं पण वळणाला हात धजत नाही, अशांसाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

वळणावर फूट काय करतो

नेहमीच्या शिवणीत कापड सरकवायचं काम सुईखालच्या दात्यांचं, म्हणजे फीड डॉगचं. ते फक्त खालच्या थराला धरतात. वरचा थर कापड दाबून धरणाऱ्या प्रेसर फूटखाली घासत, रेंगाळत मागे येतो. दोन पातळ कापडांत हे फारसं जाणवत नाही. पण जोडकाम, भराव आणि अस्तर असे तीन थर एकावर एक आले, की ओळ संपेपर्यंत वरचं कापड पुढे ढकललं जाऊन त्याची चुणी होते. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात. त्याच्या बाजूची दांडी सुईच्या स्क्रूवर बसते, सुईबरोबर वरखाली होते आणि वरचे दाते खालच्या दात्यांच्या पावलाशी पाऊल जुळवतात. तिन्ही थर एकत्र सरकतात.

मात्र हे दोन्हीकडचे दाते कापड नेतात ते सरळच, आपल्याकडून पलीकडे. वळायचं काम गोधडीचं, सुईभोवती, दर टाक्याला अगदी जरासं. कमान मोठी असेल तर हे वळणं दात्यांना जाणवतही नाही. कमान लहान झाली की कापड दात्यांमध्ये आडवं घासलं जातं, फूटच्या आतल्या कडेला बारीक सुरकुत्या उठतात आणि गोलाई चपटी होते. म्हणजे प्रश्न उरतो तो एवढाच, की किती लहान वळणापर्यंत जायचं? प्रत्येक मशीनचं उत्तर वेगळं असतं आणि ते अर्ध्या तासात मिळतं.

गोधडीत वापरणार तेच कापड आणि तोच भराव घेऊन ४० सेंमी चौरसाचा एक नमुना तयार करा. मध्ये एक बिंदू काढा आणि त्याच केंद्रातून ३, ५, ७, १० आणि १५ सेंमी त्रिज्येची वर्तुळं आखा. सर्वांत आतल्या वर्तुळापासून शिवत बाहेर या. बाहेरून आत गेलात तर ढिलं कापड मध्ये कोंडून फुगतं. माझ्या मशीनवर ७ सेंमीला फूट न उचलता वळण सुरेख जातं, ५ सेंमीला वेग उतरवावा लागतो आणि ३ सेंमीला दर दोन-तीन टाक्यांना थांबून फूट उचलावा लागतो. तुमचे आकडे त्या नमुन्यावरच पेनने लिहून ठेवा. पुढे नक्षी निवडताना हेच आकडे लागणार आहेत.

मशीनची तयारी

फूट विकत घेताना तुमच्या मशीनचा फूट बसवायचा दांडा उंच आहे की बुटका हे आधी पाहा, दोन्हींचे फूट वेगळे येतात. काही मशीनमध्ये वरून कापड सरकवणारी पट्टी आतच बसवलेली असते. तिथे वेगळा फूट लागत नाही, बाकी सगळं असंच.

फूट बसवताना सुई पूर्ण वर घ्या. नेहमीचा फूट त्याच्या घोट्यासकट, म्हणजे तो ज्या तुकड्यावर बसतो त्यासकट, काढा. नवीन फूट मागून सरकवत आणताना त्याची दांडी सुईच्या स्क्रूवर नीट बसली आहे का ते डोळ्यांनी पाहा. इथे चूक झाली तर वरचे दाते हलतच नाहीत आणि तुम्ही एक जड, साधा फूट लावून शिवत बसता. स्क्रू बोटांनी नको, स्क्रूड्रायव्हरने आवळा. हा फूट चालताना हादरतो आणि बोटांनी लावलेला स्क्रू तासाभरात ढिला होतो. मग चाक हाताने दोन-तीनदा फिरवून सुई कुठे आपटत नाही ना, याची खात्री करा. टाका सरळ, सुई मध्यावर. झिगझॅग चुकून निवडलेला राहिला तर सुई फूटवर आदळून मोडू शकते.

खालचे दाते वरच ठेवायचे. फ्री मोशनची, म्हणजे दाते खाली करून कापड हातानेच फिरवत शिवण्याची, सवय असलेल्यांचा हात नेमका ते खाली करण्याकडे जातो.

सुई ९०/१४ क्रमांकाची, क्विल्टिंगची किंवा टॉपस्टिचची. बारीक दोऱ्याला ७५/११ चालते. सुती दोरा ५० नंबरचा घेतला तर शिवण कापडात मिसळून जाते, ४० नंबरचा उठून दिसतो. या नंबरांत आकडा वाढला की दोरा बारीक होतो, हे ध्यानात असू द्या. पहिल्या वळणदार कामाला दोरा कापडाच्या रंगाचाच घ्या. गडद कापडावर पांढरा दोरा लावून हात बसवायचा प्रयत्न केला, तर प्रत्येक डगमग लांबून दिसते आणि उमेद खचते.

टाक्याची लांबी २.५ मिलिमीटर. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. घट्ट वळणावर आपण थांबून वळवतो आणि दोन थांब्यांमधला तुकडा सरळच शिवला जातो. ३ मिलिमीटरचे चार टाके घालून मग वळवलं, तर १२ मिलिमीटरची सरळ कड तयार होते आणि वर्तुळाला कोपरे फुटतात. २ मिलिमीटरच्या दोन टाक्यांनंतर वळवलं, तर सरळ तुकडा जेमतेम ४ मिलिमीटरचा, जो डोळ्याला दिसत नाही. लहान टाका म्हणजे वळायला जास्त जागा. फक्त मध्येच लांबी बदलू नका, तो बदल शिवणीत स्पष्ट दिसतो. एका नक्षीला एकच लांबी ठेवा.

फूटचा दाब कमी करता येत असेल तर एक-दोन अंक खाली आणा. दाब जास्त असला की फूट पुढे कापडाची लाट ढकलत नेतो आणि गोधडी वळवायलाही जड जाते.

थर टाचणं आणि पहिल्या बांधणीच्या ओळी

अस्तर आणि भराव वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी १० सेंमी जास्त ठेवा. क्विल्टिंगने गोधडी थोडी आवळते, शिवाय ओळींची सुरुवात आणि शेवट या जादा पट्टीत करता येतो.

सरळ ओळींसाठी सेफ्टी पिना थोड्या लांब लावलेल्या चालून जातात. वळणांत नाही. वळणात कापड दर क्षणी वेगळ्या दिशेने ओढलं जातं, कधी उभ्या धाग्यावर, कधी आडव्या, आणि मध्ये औरेपात, म्हणजे धाग्यांना तिरकं, जिथे कापड सगळ्यात जास्त ताणलं जातं. म्हणून दोन पिनांमध्ये तळहाताच्या रुंदीपेक्षा जास्त अंतर नको. फवाऱ्याचा गोंद वापरत असाल तरी कडेने आणि मध्यभागी पिना लावाच. ज्यांना वेळ आहे त्यांनी हाताने कच्चे टाके घालावेत. पिना काढायला थांबावं लागत नाही, त्यामुळे वळणाची लय तुटत नाही. माझी पसंती त्यालाच.

वळणं शिवण्याआधी काही सरळ ओळी घाला. मधली उभी जोडशिवण, मधली आडवी, मग बाहेरच्या बाजूने जोडकामातल्या दर दोन-तीन ठोकळ्यांनंतर (चौकोनांनंतर) एक, जोडशिवणीच्या खाचेतून. या ओळी दिसत नाहीत, पण तिन्ही थर त्यांनी जागेवर बांधले जातात आणि मग प्रत्येक वळणाला फक्त आपापल्या चौकटीतलंच कापड सांभाळावं लागतं. हे टाळून थेट चक्रीला हात घातलेली एक गोधडी माझ्याकडे आहे. तिचा मध्यभाग वाटीसारखा वर आला, सगळं उसवलं, कापडावर सुईची भोकं राहिली. खाचेतल्या ओळींना एक दुपार लागते, उसवायला मला चार दिवस लागले.

वजन

यावर थोडं थांबून लिहिते, कारण वळणाचं निम्मं यश इथे आहे.

मशीनच्या डाव्या बाजूला आणि मागे टेबल हवं. मोठं टेबल नसेल तर इस्त्रीचा स्टँड मशीनच्या पातळीवर आणून डावीकडे लावा. टेबल भिंतीला टेकवलं तर मागे सरकलेली गोधडी पलीकडे पडून स्वतःच्या वजनाने सुई ओढत नाही. खुर्ची नेहमीपेक्षा थोडी उंच घ्या, म्हणजे हात वरून पडतात आणि खांदे उचलावे लागत नाहीत.

सरळ ओळींसाठी गोधडीची सुरळी करून मशीनच्या कमानीत, म्हणजे सुईच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेत, सरकवतात. वळणांसाठी सुरळी करू नका. सुरळी कडक असते, ती एकाच दिशेला जाते, वळत नाही. गोधडी सैल ढिगासारखी ठेवा, पाण्याच्या डबक्यासारखी पसरलेली, आणि फूटच्या भोवती तळहाताएवढा सपाट भाग मोकळा ठेवा. त्या सपाट भागाच्या बाहेर गोधडी कशीही चुरगळलेली असू दे. थोडी मांडीवर, थोडी छातीशी, हवी तर खांद्यावर.

परीक्षा सोपी आहे. सुई खाली, फूट वर, आणि दोन्ही हात काढून घ्या. गोधडी कुठल्याही बाजूला सरकली किंवा सुई किंचित जरी वाकली, तर त्या बाजूला वजन लोंबतंय. ते उचला, मग शिवा. सुरुवातीला दर १०-१५ सेंमीला थांबून ढीग पुन्हा सैल करावा लागतो. वेळ जातो, जाऊ द्या.

हात आणि नजर

हात फूटच्या दोन्ही बाजूंना, थोडे पुढे, बोटं पसरलेली. ते कापड धरत नाहीत, फक्त त्यावर टेकलेले असतात. वळायचं असेल तेव्हा दोन्ही हात मिळून सपाट भाग एखाद्या ताटासारखा फिरवतात: एक हात किंचित पुढे, दुसरा किंचित मागे. पुढे ढकलणं किंवा मागून ओढणं हे काम हातांचं नाहीच, ते दात्यांवर सोडा. रबरी ठिपक्यांचे हातमोजे घातले की बोटं घसरत नाहीत आणि दाबही कमी द्यावा लागतो.

नजर सुईवर नको. आखलेल्या रेषेवर सुईच्या दोन-तीन सेंमी पुढे पाहा. वेग मध्यम आणि एकसारखा. वळणावर वेग वाढवला तर हातांना वेळ मिळत नाही, फार हळू केला तर हात चुळबुळ करतात.

आधीच्या ओळीच्या समांतर दुसरी ओळ घालायची असते तेव्हा मात्र नजरेची जागा बदलते, आणि ही गोष्ट मला कळायला फार वेळ लागला. फूटची बाहेरची कड आधीच्या शिवणीवर ठेवून आपण जातो. सरळ ओळीत कडेच्या कुठल्याही टोकाकडे पाहिलं तरी अंतर तेच येतं. वळणात तसं नसतं. फूटची कड सरळ आहे आणि शिवण गोल, त्यामुळे फूटचं पुढचं टोक शिवणीवर ठेवलंत की सुईजवळचं अंतर बदलतं. खरं अंतर सांगते ती कडेवरची एकच जागा, सुईच्या अगदी बाजूची. तिथे फूटवर कायमस्वरूपी पेनने एक बारीक रेघ ओढून ठेवा आणि समांतर ओळी घालताना त्या रेघेखेरीज कुठेही पाहू नका. फूटबरोबर येणारी गाईडची वाकडी सळई लावलीत तर हेच लक्षात ठेवा. बऱ्याच फूटमध्ये सळईचं टोक सुईच्या थोडं मागे पडतं, म्हणून मोठ्या कमानींना ती ठीक, लहान वळणांना दगा देते.

पहिली नक्षी: लाटा

लाटांपासूनच सुरू करा. त्यात कुठेही थांबून वळावं लागत नाही, दोन्ही टोकं जादा पट्टीत जातात, गाठी माराव्या लागत नाहीत.

गोधडीच्या रुंदीएवढी कागदाची पट्टी घ्या, १५ सेंमीच्या घड्या घाला आणि सगळ्या घड्या एकत्र धरून एका कडेला कमान कापा, मध्यभागी ३ सेंमी खोल. उलगडलं की एकाच बाजूला फुगलेल्या कमानींची माळ मिळते. ही माळ आखताना एक कमान वर, पुढची पट्टी उलटून खाली, अशी आलटून पालटून घेतली की लाट तयार. रेषा खडूने आखा. पाण्याने पुसली जाणारी शाई वापरलीत तर पुसण्याआधी तिच्यावर इस्त्री फिरवू नका, डाग पक्का होऊ शकतो. उष्णतेने उडणारी शाई फार थंडीत पुन्हा दिसू लागते, तिच्या भरवशावर मोठं काम घेऊ नये.

आखलेली कमान तुमच्या मशीनच्या मर्यादेत आहे का हे मोजता येतं. कमानीच्या अर्ध्या लांबीचा वर्ग करा, त्याला फुगवट्याच्या दुपटीने भागा आणि त्यात फुगवट्याचा अर्धा मिळवा. इथे अर्धी लांबी ७.५, फुगवटा ३, म्हणून ५६.२५ भागिले ६, अधिक १.५. उत्तर जवळजवळ ११ सेंमी त्रिज्या, म्हणजे निवांत वळण.

ही पहिली लाट गोधडीच्या मध्यावर शिवा आणि तिथून एका बाजूला कडेपर्यंत जा, मग मध्यावर परत येऊन दुसरी बाजू. शेजारच्या ओळी एकाच कडेपासून सुरू करा. एक ओळ जाताना आणि शेजारची येताना शिवली, तर दोन ओळींमधलं कापड विरुद्ध दिशांना ओढलं जातं आणि तिरप्या सुरकुत्या पडतात.

पुढच्या लाटा दोन तऱ्हांनी घालता येतात. फूटच्या कडेने आधीच्या लाटेला चिकटून गेलात, तर प्रत्येक ओळीत वळणाच्या आतली त्रिज्या ओळींच्या अंतराएवढी घटते. २ सेंमी अंतर ठेवलं की ११ ची ९, मग ७, मग ५. चौथ्या-पाचव्या ओळीला लाटेला टोक येतं आणि फूट अडतो. शिवणारी म्हणते हात बिघडला, खरं तर ते भूमितीचंच काम आहे. म्हणून दर तीन ओळींनंतर कागदाची पट्टी ठेवून मूळ लाट पुन्हा आखा. दुसरी तऱ्हा अशी की प्रत्येक लाट पट्टीनेच आखायची, आधीच्या लाटेच्या सरळ खाली. मग सगळ्या लाटांची गोलाई सारखी राहते, फक्त उतारावर ओळी जरा जवळ येतात. मला ही दुसरी तऱ्हा जास्त आवडते. ते जवळ-लांब होणं वाळूवरच्या रेघांसारखं दिसतं.

हात बसला की खडू सोडून द्या. आठ-दहा लाटा आखून शिवल्या की पुढच्या लाटा डोळ्यांनी जातात, आणि न आखलेल्या लाटांना जो ओघ येतो तो आखून येत नाही.

पाकळ्या

चार पाकळ्या एका बिंदूत मिळालेल्या आणि त्यांनी सगळी गोधडी भरलेली, ही नक्षी पाहून वाटतं की दर पाकळीला थांबावं लागत असेल. एकदाही थांबावं लागत नाही. ही नक्षी म्हणजे चौकटींच्या रेषांवरून जाणाऱ्या लाटाच आहेत.

चौकटी आखा, समजा १० सेंमीच्या. लाट प्रत्येक छेदबिंदूतून जाते: पहिल्या चौकटीत रेषेच्या वर, दुसरीत खाली, तिसरीत वर. अशा सगळ्या आडव्या रेषांवर एकेक लाट घाला. मग पुन्हा त्याच कडेपासून सुरुवात करून त्याच रेषांवर उलट लाट: आधी खाली, मग वर. दोन लाटांमध्ये पाकळी तयार होते. गोधडी एक चतुर्थांश फिरवून उभ्या रेषांवरही तसंच करा.

कमान आखायला गोल बशी पुरते, पण माप नेमकं हवं. पूर्ण पाकळीसाठी बशीचा व्यास चौकटीच्या बाजूच्या १.४ पट असावा. १० सेंमीच्या चौकटीला १४ सेंमीची बशी, १५ सेंमीला २१ ची. बशीची कड शेजारच्या दोन छेदबिंदूंना टेकवा आणि त्यांच्यामधला भाग आखा. १० सेंमीच्या चौकटीत ही कमान २ सेंमी फुगते आणि त्रिज्या येते ७ सेंमी. आता तुमच्या नमुन्यावरचा आकडा पाहा. मशीन ७ सेंमीला कुरकुरत असेल तर चौकट मोठी घ्या किंवा कमान उथळ ठेवा. उथळ पाकळ्या निमुळत्या, पानांसारख्या दिसतात आणि त्याही छान वाटतात.

या नक्षीत सांभाळायचे ते छेदबिंदू. आधीच्या शिवणीकडे जाताना फूट वरचं कापड थोडं पुढे ढकलत नेतो आणि दोन ओळी छेदतात तिथे ते अडकून चिमटीएवढी चुणी पडते. बिंदूच्या चार-पाच टाके आधी थांबा, सुई खाली ठेवून फूट उचला, कापडाला श्वास घेऊ द्या, बोटाने सपाट करा, फूट टेकवून बिंदू पार करा. गुडघ्याने फूट उचलायची दांडी मशीनला असेल तर इथे तिचं मोल कळतं. पिना चौकटींच्या मध्यावर लावा, कमानींच्या वाटेत नाही.

चक्री

मधल्या बिंदूपासून निघून कडेपर्यंत एकच अखंड ओळ. समकेंद्री वर्तुळांपेक्षा चक्री चांगली, कारण दर वर्तुळाला सुरुवात-शेवटाचा सांधा येतो आणि तो दिसतोच. चक्रीला सांधा नाही.

अवघड आहे ते केंद्र. ओळींचं अंतर २ सेंमी धरलं तर पहिला वेढा २ सेंमी त्रिज्येच्या आतच असतो, तिथे कुठलाही वॉकिंग फूट मोकळेपणी जात नाही. पहिले तीन वेढे खडूने आखून घ्या, टाका २ मिलिमीटर ठेवा. एका नक्षीला एकच टाका हा नियम इथे मी मोडते, कारण केंद्रातला बारीक टाका केंद्रातच राहतो. खालचा दोरा सुईने वर ओढून घ्या, दोन्ही टोकं मागे धरा आणि चाक हाताने फिरवत, दोन टाके, फूट वर, जरासं वळण, फूट खाली, असं जा. दुसऱ्या वेढ्यापासून पायडलवर या. टोकं नंतर हातसुईने गाठ मारून भरावात लपवा. पहिल्यांदाच चक्री करत असाल तर केंद्र गोधडीच्या कोपऱ्याजवळ किंवा अगदी कडेच्या बाहेर घ्या. मग घट्ट वेढे येतच नाहीत, नुसत्या मोठमोठ्या कमानी कडेपासून कडेपर्यंत जातात, आणि दिसतं तेही फार देखणं.

दिशाही ठरवून घ्या. आधीचा वेढा फूटच्या डाव्या कडेला राहू द्या. म्हणजे केंद्र सुईच्या डावीकडे राहतं, शिवण घड्याळाच्या दिशेने वाढते आणि गोधडी हाताखाली उलट दिशेने फिरत जाते. याचा फायदा असा की चक्री वाढत जाते तसा मशीनच्या कमानीत कोंबावा लागणारा भाग कमी होत जातो, शिवून झालेला भाग डावीकडे टेबलावर राहतो. उलट दिशा घेतलीत तर शेवटच्या मोठ्या वेढ्यांना जवळपास सगळी गोधडी कमानीत येते.

दोऱ्याचा अंदाज आधी करा. एक मीटर व्यासाची, २ सेंमी अंतराची चक्री म्हणजे सुमारे ३९ मीटर शिवण. टाक्यांत जाणारा दोरा त्याहून जास्त, आणि तेवढाच बॉबिनला. चक्रीच्या मध्येच बॉबिन संपली तर शेवटचे काही टाके उसवून दोऱ्याची पुरेशी शेपटी मोकळी करा, नवीन दोरा नेमका त्याच भोकातून सुरू करा आणि चारही टोकं आत लपवा. दर नव्या बॉबिनला खालचा धूळकापूस ब्रशने झाडून काढा.

काय बिघडलं ते शिवणीवरून ओळखा

टाके कुठे लांब, कुठे आखूड येत असतील तर गोधडी कुठेतरी अडकली आहे, टेबलाच्या कडेला किंवा तुमच्याच कोपराखाली. मागच्या बाजूने दोऱ्याचे वेटोळे दिसले तर आधी वरचा दोरा फूट उचलून पुन्हा ओवा, बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं. टाके सुटायला लागले की सुई बदला. मी आठेक तासांच्या शिवणीनंतर ती बदलतेच, दिसायला चांगली असली तरी.

वळणाच्या आतल्या बाजूला बारीक सुरकुत्या म्हणजे वळण घट्ट झालं. बाहेरच्या बाजूला कापड ताणलेलं दिसलं तर हात ओढत आहेत. वॉकिंग फूटचा खडखडाट नेहमीचा आहे, पण धातूवर धातू आपटल्याचा ठोका आला तर त्याच क्षणी थांबून स्क्रू तपासा.

ओळ रेषेवरून दोन-तीन मिलिमीटर सरकली तर उसवू नका आणि झटक्याने परत रेषेवरही येऊ नका. पुढच्या १० सेंमीत हळूहळू परत या. सरकलेली ओळ नजरेतून सुटते, झटका सुटत नाही. पण चुणी शिवली गेली असेल तर ती उसवाच, धुण्याने ती जात नाही.

पिसांसारखी बारीक नक्षी, नागमोडी भरण, लहान फुलं यांच्यासाठी हा फूट काढून ठेवा. तिथे दाते खाली करून फ्री मोशनच हवं.

सगळं शिवून झाल्यावर जादा पट्टी कापा, कडेला पट्टी लावा आणि खुणा घालवायला गोधडी गार पाण्यात बुडवून काढा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सपाट पसरून वाळवा. भराव सुती असेल तर तो या पहिल्या पाण्यात थोडा आटतो, शिवणींच्या मधलं कापड किंचित उठतं, आणि कालपर्यंत नुसत्या रेघा वाटणाऱ्या लाटा हाताला लागायला लागतात.